बारा हजारांची सीमा



नकाशावरच्या विचित्र जागा शोधत आपण या सदरात जगभर भटकतो. आज मात्र सुरुवात घराच्या दारातूनच करू या. कोरमंगलाहून रिक्षा पकडा आणि एमजी रोडला निघा. होसूर रोड, मग रिचमंड टाऊन, मग एमजी रोड. सिग्नल साथ देत असतील तर वीस-पंचवीस मिनिटं, नसतील तर देवाचं नाव घ्यायचं. आता अशी कल्पना करा, की हाच प्रवास तुम्ही शंभर वर्षांपूर्वी टांग्यातून करताय. वाटेत तुम्ही एक सीमा ओलांडली असती.

कोरमंगला तेव्हा शहराबाहेरचं, तळ्याकाठचं खेडं होतं आणि ते म्हैसूरच्या महाराजांच्या राज्यात होतं. रिचमंड टाऊन मात्र इंग्रजांच्या ताब्यातल्या 'सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन'मध्ये, म्हणजे आपण ज्याला अजूनही कँटोन्मेंट म्हणतो त्या भागात येत होतं. १८८१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचं राज्य वोडेयार घराण्याला परत केलं, पण बंगळूरच्या छावणीचा मुलूख कारभारासाठी आपल्याकडे ठेवून घेतला. एकाच शहराच्या दोन नगरपालिका, पोलीस वेगळे, न्यायालयं वेगळी. १९४७ च्या जुलैत, स्वातंत्र्याला काही दिवस उरले असताना, हा मुलूख म्हैसूरकडे परत आला आणि १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिका मिळून एक महापालिका झाली.

या व्यवस्थेतली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजचा सगळा लेख तिच्यावर उभा आहे. छावणीची जमीन कागदोपत्री महाराजांचीच होती. इंग्रजांकडे होता तो कारभार. मालक एक, कारभारी दुसरा.

आणि बंगळूरला याची सवय त्याच्याही आधीपासून होती. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने हे ठाणं केंपेगौडांकडून घेतलं. त्या फौजेत शहाजीराजे होते. आदिलशहाने बंगळूर त्यांना जहागीर म्हणून दिलं. म्हणजे इथला वसूल शहाजीराजांचा, पण मुलूख आदिलशहाचा. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांच्या हवाली केलं. तो व्यवहार विक्रीचा होता की भाडेपट्ट्याचा, यावर इतिहासाच्या पुस्तकांत आजही एकमत नाही. बघा, पुन्हा तोच प्रश्न. दिलं ते नेमकं काय? जमीन दिली की जमिनीचं उत्पन्न?

तुम्ही म्हणाल, हा वाद पुराणवस्तूंच्या कपाटातला. पण याच प्रश्नाने एकदा भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभं केलं होतं. आणि तिथे ज्या कागदाचा कीस पाडला गेला, तो होता पुण्याच्या दरबाराने पावणेदोनशे वर्षांपूर्वी केलेला तह.

पुण्यातला तह

साल १७७९. पेशवे सवाई माधवराव अवघे पाच वर्षांचे आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती. इंग्रजांशी पहिलं युद्ध सुरू होतं. त्याच वर्षी जानेवारीत वडगावला इंग्रज फौजेने हार खाल्ली होती, पण युद्ध संपलं नव्हतं. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावरचे दुसरे फिरंगी, म्हणजे गोवा आणि दमणचे पोर्तुगीज, निदान शत्रूच्या बाजूला जाऊ नयेत हे पुण्याच्या फायद्याचं होतं. १७ डिसेंबर १७७९ ला पोर्तुगीजांशी तह झाला. त्यातलं एक कलम असं, की त्यांच्या दोस्तीखातर दमणच्या बाजूची वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं त्यांना लावून द्यायची. त्याप्रमाणे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या आणि नगर हवेली व दादरा ही गावं पोर्तुगीजांकडे गेली.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. दमण समुद्रकाठी. तिथून आत काही किलोमीटरवर दादरा. त्याच्या पलीकडे, थोडं अंतर सोडून, नगर हवेली. दमण आणि दादरा यांच्या मध्ये पेशव्यांचा मुलूख, दादरा आणि नगर हवेलीच्या मध्येही पेशव्यांचाच मुलूख. १७८५ मध्ये याचं कुणालाही काही वाटलं नसेल. गावाचा वसूल कोण नेतो याने रस्ते अडत नाहीत. शेजारच्या दोन गावांचे जहागीरदार वेगळे असणं ही तर तेव्हाची रोजची गोष्ट होती.

मग १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. भोवतालचा मुलूख इंग्रजांचा झाला. पोर्तुगीज त्या गावांत मालकासारखे वागत राहिले आणि इंग्रजांनीही त्यांना मालक मानलं. १९४७ मध्ये इंग्रज गेले आणि भोवती स्वतंत्र भारत आला. कुणीही नवी रेषा आखली नव्हती, एक दगडही हलला नव्हता. पण बारा हजारांच्या वसुलीसाठी मोजलेली ती गावं आता भारताच्या पोटात अडकलेला परदेश झाली होती. तिथल्या वारली, कोकणा आणि धोडिया शेतकऱ्याला पलीकडच्या गावी लेकीला भेटायला जायचं, तर आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडावी लागणार होती.

वाचकहो, जगातल्या बहुतेक चक्रावून टाकणाऱ्या सीमांचं गुपित मला तरी इथे सापडतं. नकाशावर त्या बघितल्या की वाटतं, कुणी वेड्याने पेन्सिल फिरवली. वेडाबिडा कुणी नव्हता. ज्याने ती नोंद केली तो आपल्या वसुलीचा चोख हिशोब ठेवत होता. त्याच्यासाठी ती सीमा नव्हतीच. पुढच्यांनी तिची सीमा केली.

सरंजाम म्हणजे काय?

१९५४ च्या पावसाळ्यात गोष्टी भराभर घडल्या. २१ जुलैच्या रात्री 'युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स'च्या कार्यकर्त्यांनी दादराचं ठाणं घेतलं. २८ जुलैला नरोली पडलं. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले. या मोहिमेत आपल्या ओळखीची माणसं होती. संगीतकार सुधीर फडके त्यात होते. पुढे शिवशाहीर म्हणून घरोघरी पोचलेले बाबासाहेब पुरंदरे होते. राजा वाकणकर, नाना काजरेकर होते. निधी उभा करायला लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम केला होता. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला आजच्या तलासरी तालुक्यातल्या उधव्याला शरण आला.

मूठभर माणसांना हे जमलं कसं? उत्तर भूगोलात आहे. दमणहून कुमक यायची, तर ती भारताच्या हद्दीतून यायला हवी होती आणि भारत सरकारने ती वाट बंद केली. समुद्रावरून येता येत नव्हतं, कारण दादरा आणि नगर हवेलीला समुद्रच नाही. चारी बाजूंनी वेढलेल्या मुलखाचा प्राण वाटेत असतो.

म्हणून पोर्तुगालने वाटेचाच दावा लावला. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठवडाभरात हेगच्या न्यायालयात गेला. म्हणणं असं, की या मुलखावर आमचं सार्वभौमत्व आहे, तेव्हा तिथे जायला भारतातून वाट मिळणं हा आमचा हक्क आहे. पुरावा काय? तर १७७९ चा पुण्याचा तह.

मग सुरू झाली शब्दांची चिरफाड. पोर्तुगीज मजकूर काय सांगतो, मराठी मजकूर काय सांगतो, भाषांतरात काय निसटलं. आज 'सरंजाम' म्हटलं की आपल्याला लग्नघरातली मांडामांड आठवते, फार तर पाठ्यपुस्तकातली सरंजामशाही. पेशवाईच्या दफ्तरात त्याचा अर्थ काटेकोर होता. चाकरीच्या किंवा सेवेच्या मोबदल्यात लावून दिलेलं मुलखाचं उत्पन्न. उत्पन्न तुमचं, मुलूख सरकारचा. सरकारच्या मनात आलं तर परतही घेता येणारं.

१२ एप्रिल १९६० ला निकाल आला. न्यायालयाने म्हटलं, की तहाची आणि सनदांची भाषा बघता मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिला तो फक्त महसुलाचा हक्क, जहागीर किंवा सरंजाम म्हणतात तसा. सार्वभौमत्व दिलं नव्हतं. म्हणजे नाना फडणविसांच्या कारकुनांनी कागद नीट लिहिला होता!

पण निकाल तिथेच थांबला नाही आणि खरी शिकवण पुढच्या भागात आहे. न्यायालय पुढे म्हणालं, की मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना त्या गावांचे सार्वभौम धनी मानलं. सव्वाशे वर्षं माणसं आणि माल बिनदिक्कत ये-जा करत राहिले. त्या वहिवाटीतून सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क तयार झाला. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी मात्र दर वेळी परवानगी घ्यावी लागत होती, म्हणून त्यांचा हक्क झाला नाही. आणि जुलै १९५४ मध्ये तिथे जी तंग परिस्थिती होती ती बघता वाट बंद करण्यात भारताने काही वावगं केलं नाही, असं नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं.

गावाकडे शेताच्या बांधावरून ज्यांनी भांडणं बघितली आहेत, त्यांना हा निकाल कळायला वकील नको. मूळ कागद एक सांगतो, वहिवाट दुसरंच सांगते. कागद तुमच्या बाजूने असला, पण शेजारी तीन पिढ्या तुमच्या बांधावरून बैलगाडी नेत असला, तर तलाठ्यासमोर तुम्ही कितीही कागद फडकवा, गाडीवाट मोडणं कठीण. हेगच्या न्यायमूर्तींनी हाच न्याय दोन देशांना लावला.

एक दिवसाचे पंतप्रधान

या गोष्टीचा शेवट तर कुणाला रचूनही सुचला नसता. १९५४ ते १९६१ अशी सात वर्षं दादरा आणि नगर हवेलीचा कारभार तिथली 'वरिष्ठ पंचायत' बघत होती. पोर्तुगीज गेले होते, पण खटला चालू असल्यामुळे भारताने मुलूख सामील करून घेतला नव्हता. म्हणजे प्रत्यक्षात तो कुणाचाच नव्हता, स्वतःचा स्वतः होता. जून १९६१ मध्ये पंचायतीने भारतात विलीन व्हायचा ठराव केला. आता विलीनीकरणाचा करार करायचा, तर दोन सह्या हव्यात. भारताच्या बाजूने पंडित नेहरू, पंतप्रधान. समोरून कोण? त्याच तोलामोलाचं कुणीतरी हवं. म्हणून तिथे प्रशासक म्हणून गेलेले सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं. त्यांनी सही केली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगर हवेली भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. कॅप्टन फिदाल्गोच्या शरणागतीला त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती.

सीमा मिटली, पण कागद मिटले का? पोर्तुगीजांनी जमीनदारांना 'अल्वारा' नावाचे पट्टे दिले होते. ते संपवून कसणाऱ्याच्या हाती जमीन द्यायला १९७१ चा जमीन सुधारणा कायदा यावा लागला. झेंडा एका सकाळी बदलतो. सातबाऱ्यावरचं नाव बदलायला पिढी जाते.

वाट मिळाली नाही तर

दादराची गोष्ट वाचून गंमत वाटते, कारण तिचा शेवट गोड झाला. दुसऱ्या एका ठिकाणी तसा तो लवकर झाला नाही. पश्चिम बंगालमधल्या कूचबिहार आणि आजच्या बांगलादेशाच्या मधली छिटमहलं तुम्ही ऐकली असतील. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावत, अशी एक कथा तिकडे सांगतात. कथा झकास आहे, पण खरं कारण आपल्या ओळखीचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल आणि कूचबिहार यांच्यात तह झाला, तेव्हा ज्या गावाचा वसूल ज्याच्याकडे जात होता तो तसाच राहिला. दोन्हीकडची गावं एकमेकांत मिसळलेली होती. १९४७ मध्ये एक बाजू पाकिस्तानात गेली, १९४९ मध्ये कूचबिहार भारतात विलीन झालं आणि वसुलीच्या नोंदींचे देश झाले.

भारताचे १११ तुकडे बांगलादेशात, बांगलादेशाचे ५१ तुकडे भारतात. त्यातला दहाला खगराबाडी नावाचा तुकडा तर जगात एकमेव होता. भारताचं ते एक तागाचं शेत बांगलादेशाच्या एका गावात होतं, ते गाव भारताच्या तुकड्यात होतं आणि तो तुकडा बांगलादेशात होता. आकार दोन एकरांपेक्षाही कमी. घरात मुलं असतील तर त्यांना कागदावर वर्तुळात वर्तुळ काढून हे समजावून बघा, पाच मिनिटं मजेत जातील.

तिथे राहणाऱ्यांना मात्र मजा नव्हती. स्वतःच्या देशात जायचं तर आधी परदेश ओलांडायचा आणि त्याची परवानगी घ्यायला कचेरी स्वतःच्या देशात! वीज नाही, दवाखाना नाही, पोलीस नाहीत. मुलांना शाळेत घालायला शेजारच्या गावातल्या माणसाचं नाव वडील म्हणून लावायचं. दवाखान्यात खोटा पत्ता सांगायचा. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी करार केला, पण अंमल झाला तो ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री, शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर. पन्नास हजारांहून अधिक माणसांनी कोणत्या देशात राहायचं ते स्वतः निवडलं. बहुतेकांनी घर सोडलं नाही, देश बदलला.

बांगलादेशाचा दहाग्राम-अंगारपोता हा मोठा तुकडा आजही तसाच आहे, कारण त्याला वाट आहे. 'तीन बिघा' नावाची जेमतेम पावणेदोनशे मीटर लांबीची ती पट्टी. १९९२ मध्ये ती उघडली तेव्हा दिवसातले ठरावीक तासच खुली असायची. रात्री कुणाच्या पोटात दुखलं, तर सकाळची वाट बघायची. २०११ पासून ती चोवीस तास खुली आहे. हेगमधला तो रूक्ष वाटेचा हक्क म्हणजे जमिनीवर काय असतं, ते तीन बिघ्यात दिसतं.

दार कुठे उघडतं?

आता याच्या उलट टोकाला जाऊ. नेदरलँड्समधल्या बार्ले गावात बेल्जियमचे २२ तुकडे आहेत आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे सात. रेषा घरांतून, दुकानांतून, फुटपाथवरून जाते. मूळ कारण? ओळखलं असेलच. बाराव्या शतकाच्या अखेरीस ब्राबांटच्या ड्यूकने ब्रेडाच्या सरदाराला जमीन दिली, पण ज्या जमिनींवर आपली कुळं आणि आपला वसूल होता त्या स्वतःकडे ठेवल्या.

पण बार्लेच्या लोकांचं रडगाणं नाही. घरातून रेषा जात असेल, तर घराचं मुख्य दार ज्या देशात उघडतं तो घराचा देश, असा तिथला रिवाज आहे. दाराशेजारच्या घर क्रमांकाच्या पाटीवर त्या देशाचा छोटा झेंडा असतो. गावाला दोन नगरपालिका आहेत, पण त्या एकमेकींशी बोलतात. २०२० मध्ये महामारीच्या काळात तिथल्या एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियममधला भाग दोरी लावून बंद होता आणि नेदरलँड्समधला सुरू होता. लोक हसले आणि सुरू असलेल्या भागात खरेदी करून घरी गेले.

रेषा बार्लेची जास्त वेडीवाकडी, हाल मात्र छिटमहलांचे झाले. फरक कुठे पडला? बार्लेत प्रत्येक दाराचं उत्तर ठरलेलं आहे. मुलाची शाळा कुठली, कचरा कोण नेणार, कर कुणाला द्यायचा, हे कुणालाही विचारा, सांगेल. छिटमहलात दार ठोठावलं तर दोन्ही देश म्हणत, 'पलीकडे विचारा.'

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात हे दोन्ही नमुने आहेत. नवापूर स्टेशन बघा. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन १ मे १९६० पूर्वीचं. मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि रेषा फलाटावरून गेली. अर्धं स्टेशन नंदुरबार जिल्ह्यात, अर्धं गुजरातच्या तापी जिल्ह्यात. एका बाकावर तर महाराष्ट्र आणि गुजरात अशी नावं रंगवली आहेत. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत घोषणा होते आणि गाडी सुटते. रेल्वे एकच असल्यामुळे कुणाचं काही अडत नाही. लोक बाकावर बसून फोटो काढतात.

दुसरा नमुना चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातला. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची भाषेनुसार वाटणी झाली आणि आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका मुंबई राज्यात आला. त्या सरहद्दीवरच्या डोंगरातली महाराजगुडा, परमडोली, मुकदमगुडा अशी चौदा गावं मात्र दोन्हीकडे राहिली. आधी आंध्र आणि महाराष्ट्र, आता तेलंगण आणि महाराष्ट्र. दोन रेशन कार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, दोन राज्यांच्या योजना. महाराजगुड्यातल्या एका घराच्या चार खोल्या महाराष्ट्रात आणि चार तेलंगणात असल्याच्या बातम्या २०२२ च्या डिसेंबरात देशभर झळकल्या. वाचणाऱ्यांनी म्हटलं, मजा आहे बुवा, सगळं डबल!

पण त्या गावांतल्या लोकांची जुनी तक्रार वाचली की हसू मावळतं. कसत असलेल्या जमिनीचा पट्टा हातात नाही. कार्डं दोन देता येतात, कारण कार्ड देऊन सरकारला मतं मिळतात. जमिनीचा कागद दोनदा देता येत नाही. तो एकालाच द्यावा लागतो आणि तो देण्यासाठी आधी गाव कुणाचं ते ठरवावं लागतं. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने ही चौदा गावं चंद्रपूर जिल्ह्यात समाविष्ट करण्याची प्रक्रिया हाती घेत असल्याचं जाहीर केलं. ती पुरी झाली, हे कसं ओळखायचं? घोषणेवरून नाही. महाराजगुड्यातल्या शेतकऱ्याच्या हातात सातबारा आला, की समजायचं सीमा ठरली.

बेळगावचा विषय मी आज मुद्दाम बाजूला ठेवला आहे. तिथे रेषा कुठे आहे याबद्दल शंका नाही. वाद आहे तो ती कुठे असायला हवी होती याचा, आणि तो सर्वोच्च न्यायालयासमोर आहे. एका लेखाच्या शेपटाला बांधण्याइतका तो लहान नाही.

आता पुन्हा कोरमंगला. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या सोसायटीत एमएच पाटीची गाडी उभी असते. पुण्याहून बंगळूरला येताना कोगनोळीजवळ आपण राज्याची सीमा ओलांडली, तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. सीमा जाणवली ती वर्षभराने. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर नवा नंबर घ्या आणि इथला रोड टॅक्स भरा, असं कळलं तेव्हा. जुन्या राज्यातला टॅक्स परत मागायला आरटीओच्या फेऱ्या वेगळ्या. रेषा नकाशावर असते, पण ती माणसाला भेटते वसुलीच्या खिडकीवर. सवाई माधवरावांच्या काळी तसंच होतं, आजही तसंच आहे.

या रविवारी मुलांना घेऊन एक काम करा. मोबाईलवर उपग्रह नकाशा उघडा आणि वापी शोधा. तिथून सिल्वासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोट ठेवा. वाटेत दादरा लागेल. गुजरात संपेल, पुन्हा गुजरात येईल, मग नगर हवेली सुरू होईल. मग नगर हवेलीच्या आत मघवाल शोधा. चारी बाजूंनी नगर हवेलीने वेढलेलं ते गुजरातचं गाव आहे. पुण्याहून निघालेल्या सनदांनी केलेली ही विभागणी अजून नकाशावर दिसते. मुलं विचारतील, हे गाव असं मध्येच का? तुम्ही सांगा, बारा हजार रुपयांचा हिशोब होता, बाळा. अजून पुरता मिटलेला नाही.